बजेटमध्ये बाईच्या नावावर किती टाकले ते बास झालं, पोचले किती ते छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बजेट झालं की दुसऱ्या दिवशी आपल्या पेपरात (सगळ्याच पेपरांत, तुम्हाला एकट्याला बोलत नाहीये) एक गुलाबी चौकट असते, "महिलांसाठी काय?" म्हणून. पाच-सहा योजनांची नावं, पुढं कोटींचे आकडे, खाली एका गृहिणीची प्रतिक्रिया की सिलेंडर स्वस्त व्हायला पाहिजे होता, एका उद्योजिकेची प्रतिक्रिया की निर्णय स्वागतार्ह आहे, की विषय संपला तो पुढच्या मार्चपर्यंत. मी मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत लेखा शाखेत नोकरी केली, आता रिटायर आहे. सगळी नोकरी तरतूद, वितरण, खर्च, अखर्चित या चार रकान्यांत गेली. त्यामुळे तुमच्या चौकटीत नुसती तरतूद दिसली की पुढचे तीन रकाने कुठं गेले असं होतं. पत्र जरा लांबणार आहे, कापायचं तर कापा पण आकडे कापू नका.

आधी केंद्राचं घेते. २०२५-२६ च्या बजेटात जेंडर बजेट ४.४९ लाख कोटी, एकूण बजेटच्या ८.८६ टक्के, आदल्या वर्षी हेच ६.८ टक्के होतं, म्हणून सगळीकडं हेडलाइन की महिलांसाठी भरघोस वाढ. आता हे जेंडर बजेट म्हणजे बायकांसाठी वेगळी पेटी ठेवलीय आणि त्यात हे पैसे टाकलेत असं नाहीये बरं का, बऱ्याच जणांचा तसा समज आहे. हे एक स्टेटमेंट आहे, २००५-०६ पासून बजेटच्या पुस्तकांबरोबर निघतं, त्यात प्रत्येक खातं सांगतं की आमच्या नेहमीच्याच खर्चातला एवढा भाग बायकांच्या वाट्याचा. भाग अ म्हणजे शंभर टक्के बायकांच्या योजना, भाग ब म्हणजे ३० ते ९९ टक्के, आणि २०२४-२५ पासून भाग क आला, ३० टक्क्यांच्या खालच्या योजनांसाठी. २०२५-२६ ला भाग अ मध्ये साधारण १ लाख ५ हजार कोटी आणि भाग ब मध्ये ३ लाख २६ हजार कोटी, म्हणजे चार रुपयातले जवळजवळ तीन रुपये "बायकांसाठी पण" या सदरातले. आता कुठल्या योजनेतला किती टक्का बायकांचा हे ठरवतं कोण? तर ज्या खात्याची योजना तेच खातं. कशावरून ठरवतं, लाभार्थी मोजून की अंदाजपंचे, हे स्टेटमेंटमधे लिहिलेलं नसतं.

हा ३० टक्क्यांचा आकडा तरी कुठून आला, तर नवव्या पंचवार्षिक योजनेत, १९९७ ते २००२ च्या, महिला घटक योजना होती, प्रत्येक खात्याने ३० टक्के निधी बायकांपर्यंत न्यावा असं ठरलेलं. योजना गेली, आकडा राहिला. खाली तालुक्याला हे कसं भरतात ते मी बघितलेलं आहे. वरून पत्र येतं, "अत्यंत तातडीचे, आजच्या आज", सोबत प्रपत्र, त्यात एक रकाना "पैकी महिला लाभार्थी". टेबलावरच्या माणसाकडे ती माहिती गोळा करायला ना माणूस ना वेळ, मग एकूण लाभार्थ्यांच्या निम्मे नाहीतर तीस टक्के टाकून प्रपत्र पुढं जातं, जिल्ह्याला बेरीज होते, राज्याला बेरीज होते, आणि वर जाईपर्यंत तोच आकडा शासकीय सत्य होऊन बसतो. त्या माणसाला शिव्या घालून काही होणार नाही, दिवसाला अशी दहा प्रपत्रं येतात.

८.८६ चं गुपित पण सांगते. ही वाढ बऱ्याच अंशी कशाने झाली, तर फुकट धान्याची योजना, पीएम गरीब कल्याण अन्न योजना, या स्टेटमेंटमधे दाखवली गेली. धान्य तेच, रेशन दुकान तेच, रांगेत पिशवी घेऊन उभी राहणारी बाई पण तीच, फक्त आता तिचा तांदूळ-गहू जेंडर बजेटात मोजला. रेशन बायकांच्या उपयोगाचं नाही असं मी म्हणत नाहीये, उलट फार उपयोगाचं आहे, पण घरात पाच माणसं खातात ते बायकांच्या खात्यावर टाकून टक्का वाढवायचा आणि वर आम्ही वाढ केली म्हणायचं, याला आमच्याकडे पुस्तकी नोंद म्हणतात.

भाग अ चं पण तसंच, त्यातला मोठा हिस्सा घरकुलाचा, पीएम आवास. का, तर घर बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचं असा नियम आहे. नियम चांगलाच आहे. पण मंजुरीची ऑर्डर बाईच्या नावे, हप्ते बाईच्या खात्यात, आणि घर उभं राहिल्यावर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर, काढून बघा, कितीतरी ठिकाणी मालकाच्या रकान्यात नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचंच नाव, कारण जागा त्यांची होती आणि नंतर कोणी नोंद बदललीच नाही. एका बाईला मी स्वतः विचारलेलं, ताई घर तुमच्या नावावर आहे ना, ती म्हणली "फोटो माझा हाय की दारापुढं". जिओटॅगचा फोटो, म्हणजे जागेच्या नोंदीसह काढतात तो. बजेटच्या हिशोबात ते शंभर टक्के महिलांसाठीचं घर आहे, आणि नवऱ्याने उद्या बाहेर काढलं तर तिच्या हातात तो फोटो आहे.

बजेटचा बायकांवर परिणाम काय हे बघायचं तर बायकांच्या नावाच्या योजनांच्या बाहेर जास्त बघायला लागतं, हे माझं म्हणणं आहे. पाणी घ्या. केंद्राचा टाइम यूज सर्व्हे आहे २०२४ चा, त्यात बिनपगारी घरकामाला बाई दिवसाला २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८. ही २८९ मिनिटं कमी करणारी योजना कुठली, तर नळ. आता जलजीवन मिशनचं बघा, २०२४-२५ च्या बजेटात तरतूद ७०,१६३ कोटी, आणि सुधारित अंदाजात (वर्ष संपत आलं की तरतूद परत ठरवतात, तो आकडा) ती आली २२,६९४ कोटींवर. निम्म्याहून कितीतरी जास्त कापले, आणि कापले ते कुठल्या चौकटीत आले का? नाही, कारण सुधारित अंदाज कोण वाचतो. आमच्याकडे गावोगावी टाक्या उभ्या आहेत, पाइप पुरलेत, नळाची तोटी पण बसवलीय, काही ठिकाणी तर तोटीला गुंडाळलेलं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. आणि एप्रिल-मेमधे टँकर आला की हंडे घेऊन कोण पळतं ते सगळ्यांना माहितीय. मग त्या ४७ हजार कोटींच्या कपातीचा भार कोणाच्या डोक्यावर गेला, हे लिहिणं म्हणजे खरं जेंडर बजेटचं मूल्यमापन. त्याला परदेशी एक्स्पर्ट लागत नाही.

आता लाडकी बहीण. यावर काही लिहिलं की लगेच दोन्हीकडचे लोक तुटून पडतात, तरी लिहिते. जून २०२४ च्या बजेटात तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवारांनी जाहीर केली, महिन्याला १५०० रुपये, वर्षाला ४६ हजार कोटी लागतील म्हणून सांगितलं. मी या योजनेच्या विरोधात नाही, आधीच सांगते. ज्या बाईने आयुष्यात स्वतःच्या नावावर पैसा बघितला नाही तिच्या खात्यात महिन्याला १५०० येतात आणि ती बँकेत जाऊन स्वतः काढते, ही मोठी गोष्ट आहे. आमच्या गल्लीतल्या एकीने त्यातून दात बसवले, किती वर्षं नवऱ्याला म्हणत होती. एकीने पोरीचा क्लास लावला. याला रेवडी म्हणणारे लोक स्वतः टॅक्स वाचवायला बायकोच्या नावावर एफडी करतात, ते असू दे.

पण जेंडर बजेट म्हणून बघायचं तर तीन-चार प्रश्न विचारायलाच पाहिजेत आणि ते कोणी विचारत नाही, सगळी चर्चा निवडणुकीत कबूल केलेले महिन्याला २१०० कधी देणार यावर. निवडणुकीआधी सरसकट फॉर्म मंजूर, निवडणूक झाल्यावर पडताळणी, २०२५-२६ ला तरतूद ३६ हजार कोटी, मग जुलै २०२५ मधे मंत्री आदिती तटकरेंनी सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र वाटल्यामुळे त्यांचे पैसे थांबवलेत, आणि त्याच सुमारास १४ हजारांवर पुरुषांनी पण लाडकी बहीण म्हणून पैसे उचलल्याचं बाहेर आलं. आता मला सांगा, या थांबवलेल्या २६ लाखांत खोट्या किती, आणि आधारला मोबाइल लिंक नाही, बँकेत नाव वेगळं, माहेरचं-सासरचं आडनाव जुळत नाही अशा खऱ्या गरीब किती? हे वेगळं करून कोणी छापलंय का. कागदपत्रात सगळ्यात आधी कोण अडकतं तर विधवा, टाकलेली, आणि ऊसतोडीला गेलेली बाई, म्हणजे जिला पैशाची सगळ्यात जास्त गरज तीच.

दुसरं म्हणजे पैसे आले कुठून. मे २०२५ मधे सामाजिक न्याय खात्याचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५.७० कोटी लाडकी बहिणीच्या हप्त्याला वळवले, सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट स्वतः उघड बोलले तेव्हा सगळ्यांना कळलं. सरकारचं म्हणणं की त्या समाजाच्या लाभार्थी बहिणींनाच ते दिले. कागदावर बरोबर असेलही. पण आदिवासी विकास खात्याचा पैसा म्हणजे आश्रमशाळा, वसतिगृहं. तिथं मुली राहतात. वसतिगृहात खाट नाही, बाथरूमला कडी नाही, अधीक्षिका जागेवर नाही म्हणून पोरगी शाळा सोडून घरी येते आणि सतराव्या वर्षी लग्न होतं, आणि तिच्या आईच्या खात्यात १५०० जमा झाले की जेंडर बजेटाचा आकडा वर जातो. आईला दिले ते मोजले, पोरीचे काढले ते मोजले नाहीत. लेखा शाखेत अशी एकच बाजू लिहिलेली नोंद केली असती तर ऑडिटवाल्यांनी पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, काढला असता.

आणि ते फॉर्म भरले कोणी, तर अंगणवाडी सेविकांनी. जीआरमधे होतं की फॉर्ममागे ५० रुपये प्रोत्साहन भत्ता. रात्री दहा-दहापर्यंत बसून, ओटीपी येईना, सर्व्हर डाउन, स्वतःच्या मोबाइलचा डेटा वापरून त्या बायकांनी फॉर्म भरले. त्यांना विचारा ५० रुपये कधी मिळाले. या सेविकांच्या मानधनाचा केंद्राने ठरवलेला दर ४,५०० रुपये, मदतनीसाला २,२५०, ऑक्टोबर २०१८ पासून तिथंच अडकलाय, नंतर वाढलं ते राज्याने दिलेलं, आणि तेही डिसेंबर २०२३ पासून पन्नासएक दिवस संप करून, आझाद मैदानावर बसून, नंतर परत पाठपुरावा करून. महिला व बालविकासाचं सगळं बजेट ज्या बायकांच्या जीवावर पोचतं त्यांनाच कर्मचारी म्हणायचं नाही, पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. आशांची गत वेगळी नाही. जेंडर बजेटात त्यांच्या मानधनाचा खर्च मात्र बायकांसाठी केलेला खर्च म्हणून दाखवायला चालतो!

इथं आमच्या भागातलं एक सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही, ऊसतोड. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम (मजूर गोळा करणारा) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे नवऱ्याच्या हातात. बाई पहाटे तीनला उठून स्वयंपाक करून, फडात नवऱ्याइतकीच तोडते, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढते, परत येऊन पाणी, सरपण, पोरं. हिशोबात मात्र तिचं नाव कुठंच नाही, मजूर म्हणून ती वेगळी मोजलीच जात नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड, तो उचलीतून कापला जातो, मग पाळी असो, अंगावरून जात असो, गरोदर असो. यातून ते गर्भाशय काढायचं प्रकरण झालं. २०१९ मधे नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहातली एक. विधिमंडळात गाजलं, तुम्ही पण पहिल्या पानावर लावलं होतं.

मग पुढं काय झालं ते बजेटच्या बाजूने बघा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं, कारखान्याने गाळप उसावर टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलं. संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुके, ८२ वसतिगृहं, निम्मी मुलींची. कागदावर हे इतकं चांगलं आहे की बास. आई-बापाबरोबर फडावर गेलेली पोरगी तिथं जाऊन धाकट्याला सांभाळते आणि शाळा सुटते, ती जर वसतिगृहात राहिली तर अख्खं आयुष्य बदलतं. पण यातली किती भाड्याच्या इमारतीत सुरू झाली, मुलींची आधी सुरू झाली की मुलांची, हंगामाच्या आधी ऑक्टोबरला प्रवेश होतात की हंगाम अर्धा संपल्यावर, कारखान्यांनी टनामागचे दहा रुपये खरंच भरले का, ही माहिती एका पानावर कुठं मिळेल? बाईसाठी फडावर काय लागतं ते फार महाग नाहीये. प्यायचं पाणी, आडोशाचा संडास, पोरं ठेवायला जागा, आणि महिन्यातून एकदा येणारी नर्स. रोजगार हमीच्या कामावर तर हे जुनंच लिहून ठेवलेलं होतं, पाच किंवा जास्त लहान मुलं असली तर एका मजूर बाईला त्यांना सांभाळायला बसवायचं आणि तिची हजेरी लावायची. अख्ख्या नोकरीत मी ते मस्टरवर क्वचितच बघितलं. तरतूद होती, बरं का.

गावपातळीवर या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे, जिल्हा परिषदेच्या सेस फंडातूनही (म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही) १० टक्के. या पैशाचं वर्षानुवर्षं काय होतं ते मला विचारा. शिलाई मशीन. पिठाची गिरणी. फार तर सायकल. आमच्या तालुक्यात जेवढी शिलाई मशीनं वाटली तेवढे ब्लाउज शिवायला बायका कुठून आणायच्या असा प्रश्न पडेल. बाईला काय पाहिजे हे बाईला कोणी विचारतच नाही, सभापतीच्या दालनात ठरतं, मागच्या वर्षीची फाइल काढायची, वर्ष बदलायचं, झालं. आणि मार्चएंड. फेब्रुवारीपर्यंत पैसा झोपलेला, मार्चच्या पंधरा तारखेनंतर पळापळ, ३१ ला रात्री बारापर्यंत ट्रेझरीत. त्या घाईत आडल्यानडल्या बाईपर्यंत काय पोचणार, जिचा माणूस पंचायत समितीत रोज चकरा मारू शकतो तिचीच फाइल पुढं.

डिसेंबर २०१६ ला जीआर निघाला की वस्तू वाटायच्या नाहीत, लाभार्थ्याने आधी स्वतः वस्तू घ्यायची, बिल द्यायचं, मग अनुदान खात्यात. भ्रष्टाचार थांबावा म्हणून, हेतू बरोबर. पण परिणाम बघा ना. आधी आठ-दहा हजार घालून मशीन घेऊ शकते अशी बाई गरीब कशी? मग दुकानदार पुढं आला. बिल तो देतो, मशीन बाईच्या घरी जातं, ग्रामसेवक फोटो काढतो, मशीन परत दुकानात, अनुदान आलं की तिघांत वाटणी, बाईच्या हातात हजार-दोन हजार टेकवायचे. तेच मशीन चार फोटोंत मी ओळखलंय, बाजूला खरचटलेलं होतं. पेपरवर १०० टक्के खर्च, १०० टक्के महिला लाभार्थी.

एवढं सगळं वाईट लिहिलं म्हणून मी सरसकट रडगाणं गाते असं नका समजू. एसटीचं अर्धं तिकीट, १७ मार्च २०२३ पासून सुरू झालं, ती माझ्या मते अलीकडच्या काळातली सगळ्यात चांगली योजना आहे. फॉर्म नाही, केवायसी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, नवऱ्याची सही नाही. बाई आहे, बसमधे चढली, अर्धं तिकीट. बायका माहेरी जाऊ लागल्या, दवाखान्याला तालुक्याला जाऊ लागल्या, बाजाराला स्वतः जाऊ लागल्या, कंडक्टरला विचारा, त्याच्याइतका खरा सर्व्हे कोणाकडं नाही. पण तिथंही परिणाम बघायचा तर एक पाऊल पुढं जायला लागतं. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला वेळेवर देत नाही, महामंडळ तोट्यात, गाड्या जुन्या, मग खेड्यातली मुक्कामी गाडी बंद होते, कॉलेजच्या पोरींची संध्याकाळची फेरी बंद होते. गाडीच नसेल तर अर्धं तिकीट घेऊन काय करायचं. म्हणजे बसच्या फेऱ्या हा पण जेंडर बजेटचाच विषय झाला, तो परिवहन खात्याच्या पानावर असला म्हणून काय झालं.

स्टँडवरच्या संडासाचं तर बोलायलाच नको. भिंतीवर लिहिलेलं असतं मुतारी विनामूल्य, पण बाईला आत सोडताना पाच रुपये, कारण तिला दार लावायला लागतं. पुरुष फुकट. मुंबईत राइट टू पी वाल्या बायकांनी २०११ पासून यावर आवाज उठवला, गावाकडं अजून तेच चाललंय. अर्ध्या तिकिटात वाचलेले पाच रुपये तिथं जातात.

मुद्रांक शुल्काची पण सवलत आहे, २०२१ पासून बाईच्या नावे घर घेतलं तर एक टक्का कमी. आधी अट होती की पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मधे काढली. अट काढायला पाहिजे होती की नाही यावर वाद घालता येईल, मला तरी वाटतं ती ठेवायला पाहिजे होती, निदान सात-आठ वर्षांची तरी. पण मुद्दा तो नाही, या एका टक्क्यात सरकारने किती महसूल सोडला, फ्लॅट घेणाऱ्या किती बायकांची खरोखर मालकी झाली आणि किती ठिकाणी नुसतं नाव आहे हे कोणी तपासलं का? खर्चाच्या बाजूला निदान स्टेटमेंट तरी आहे, कराच्या बाजूला तेही नाही.

आमच्या महाराष्ट्राला महिला धोरणाचा फार अभिमान. १९९४ ला देशात पहिलं, शरद पवारांच्या काळात, मग २००१, २०१४, आणि चौथं मार्च २०२४ मधे. धोरणात सगळं छान छान आहे, मी वाचलंय. पण धोरण मंत्रालयात आणि पैसा ट्रेझरीत, दोघांची गाठ पडत नाही. माझी सूचना अगदी कारकुनी आहे. जेंडर बजेटच्या तक्त्यात आणखी तीन रकाने घाला. मागच्या वर्षीची तरतूद सुधारित अंदाजात किती झाली, प्रत्यक्ष खर्च किती, आणि महिलांचा टक्का कशाच्या आधारावर धरला. टक्क्याला आधार नसेल तर सरळ शून्य धरा, मग बघा खाती कशी आकडे गोळा करतात. आणि पैसा एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात वळवला तर जिथून काढला तिथल्या मुली-बायकांचं काय होणार हे पुनर्विनियोजनाच्या प्रस्तावात एका परिच्छेदात लिहायची सक्ती करा. एक परिच्छेद, जास्त नाही.

संपादक साहेब, तुमच्याकडून एवढंच पाहिजे की पुढच्या बजेटला त्या चौकटीत योजना कमी छापा पण प्रत्येकीपुढं मागच्या वर्षीचा खर्च टाका. तुमच्या मुंबईच्या प्रतिनिधीला तो बजेटच्याच पुस्तकात सापडेल, फक्त भाषण ऐकून पळायचं नाही, खालची पुस्तकं उघडायची. जिल्ह्याच्या वार्ताहराने जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीच्या सभेला नुसतं हार-तुऱ्याच्या फोटोला न जाता अखर्चित किती राहिले एवढा एकच प्रश्न विचारायचा. पन्नास टक्के आरक्षणाने निवडून आलेल्या सदस्य बायका तिथं बसलेल्या असतात, त्यांना पण हा आकडा कोणी देत नाही हो, मागितला तर "मॅडम, नंतर देतो" म्हणतात.

आणि आमच्या वाचक भगिनींसाठी, हे मात्र कापू नका. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे, बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरवरच होते, घरोघरी फिरून सह्या घेतात. यावेळी सही मागायला आले की म्हणा, सही करते, आधी नमुना १ आणि नमुना ३ दाखवा. नमुना १ म्हणजे ग्रामपंचायतीचं बजेट, नमुना ३ म्हणजे जमाखर्च. दोन्हीत महिला व बालकल्याणाची ओळ शोधायची, १० टक्के धरलेत का आणि त्यातले गेले किती ते बघायचं. वाचता येत नसेल तर नववी-दहावीतल्या पोरीला शेजारी बसवा, तिला नक्की येतं.

आपली वाचक,
निवृत्त कर्मचारी, लेखा शाखा
(मराठवाडा)